बाबांच्या ट्रंकेतला लुई लामूर : कुठून सुरुवात करावी?

रानवेल

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात आईने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली. वर गोधड्या आणि खाली पुस्तकं, 61 निघाली, त्यातली 48 एकट्या लुई लामूरची, म्हणजे अमेरिकन वेस्टर्न, गुराखी-बंदुकींच्या गोष्टी. बँटम प्रकाशनाची ती खिशात मावणारी पॉकेट बुकं, मुखपृष्ठावर घोडा, टोपी, बंदूक आणि मागे लाल डोंगर. बाबा वीज मंडळात होते, जन्मभर बदल्या, सबस्टेशनच्या क्वार्टरमध्ये एकटे राहायचे आणि मुंबईला कामासाठी आले की फाउंटनच्या फुटपाथवरून गठ्ठाच घेऊन जायचे. इंग्रजी बोलायची वेळ आली तर गप्प बसणारा माणूस, पण ही पुस्तकं सरासरा वाचायचा. आम्ही सगळे त्याला "बाबांची ढिशॅव ढिशॅव" म्हणायचो आणि कधी एकही उघडून बघितलं नाही, याचं आता फार वाईट वाटतं.

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने तारीख आणि जागा लिहिलेली आहे. "परळी, नाइट शिफ्ट." "मनमाड स्टेशन, गाडी 4 तास लेट." काहींवर दोन तारखा, म्हणजे दोनदा वाचलेलं. एकावर तीन आहेत, त्याचं नाव 'फ्लिंट'.

माझे प्रश्न दोन. एक, हा माणूस नक्की कोण होता आणि त्याच्यात काय होतं की माझ्या बाबांसारख्या, अमेरिका कधी न बघितलेल्या माणसाला त्याने तीस वर्षं धरून ठेवलं? आणि दोन, माझी मुलगी 14 वर्षांची आहे, तिला आजोबांची पुस्तकं वाचायची आहेत. मला स्वतःलाही. कुठून सुरुवात करू? ज्यांनी वाचलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा, वाईट मत असलं तरी चालेल.

दोनओळी

आधी 'होंडो', मग 'फ्लिंट'. आणि ट्रंकेत डांबरगोळ्या ठेवू नका, त्या कागदातला वास जन्मात जात नाही.

शाईपेन

रानवेल, तुमच्या बाबांना माझा नमस्कार. मी कॉलेजात असताना स्टेशनवरच्या स्टॉलवरून घेऊन वाचायचो, आता साठी उलटली तरी वर्षाला तीनचार होतातच. कोण होता ते सांगतो, थोडं लांबेल.

जन्म 22 मार्च 1908, नॉर्थ डकोटामधल्या जेम्सटाउन गावी. खरं आडनाव लामूरच पण स्पेलिंग साधं होतं, फ्रेंच वळणाचं त्याने लेखक झाल्यावर केलं. सात भावंडांत शेंडेफळ. वडील गुरांचे डॉक्टर. गावात छान वाचनालय होतं आणि मोठी बहीण तिथेच ग्रंथपाल, त्यामुळे पोरगा तिथेच पडीक. मग 1920 नंतर त्या भागातली शेती बसली, बँका बुडाल्या, गुरांच्या डॉक्टरला पैसे कोण देणार? 1923 च्या हिवाळ्यात घरच्यांनी गाव सोडलं. याची शाळा पंधराव्या वर्षी सुटली ती कायमची.

पुढची पंधरा वर्षं म्हणजे नुसती वणवण. टेक्सासमध्ये मेलेल्या गुरांची कातडी सोलायचं काम, न्यू मेक्सिकोत गवताचे भारे बांधणं, ॲरिझोना आणि नेवाडात खाणी, वर ओरेगन-वॉशिंग्टनकडे लाकूडतोड, सर्कशीत हत्तींची देखभाल, बोटीवर खलाशी, आणि मधेमधे पैशासाठी बॉक्सिंग. मालगाडीच्या डब्यात चोरून बसून प्रवास. त्याचं आत्मकथन आहे, 'एज्युकेशन ऑफ अ वाँडरिंग मॅन', 1989 ला आलं, त्याच्या मृत्यूनंतर. त्यात मारामाऱ्या कमी आणि पुस्तकं जास्त आहेत. तेव्हा कॅन्सस राज्यातून 'लिटल ब्लू बुक्स' नावाची पाच-दहा सेंटची चिमुकली पुस्तकं निघायची, शेक्सपिअरपासून तत्त्वज्ञानापर्यंत सगळं. मालगाडीतले हे भटके ती वाचायचे आणि एकमेकांना द्यायचे. लामूर तिथे शिकला. 1930 ते 35 मध्ये काय काय वाचलं त्याच्या याद्याच शेवटी दिल्या आहेत.

मला विचाराल तर तुमच्या बाबांशी असलेलं नातं इथेच आहे. शिकण्याची भूक असलेला, घरापासून लांब एकटा कामावर असलेला माणूस, त्याने स्वतःसारख्या माणसांसाठी लिहिलं.

चिंचबन

वाईट मत चालेल म्हणालात म्हणून लिहिते. मी सहा वाचली आणि सहाव्याला कळलं की मी एकच पुस्तक सहा वेळा वाचतेय. एक उंच, कमी बोलणारा माणूस गावात येतो. गावात एक जमीनदार माजलेला. एक बाई अडचणीत. हाणामारी एक, गोळीबार दोन, शेवटी लग्न किंवा लग्नाची चाहूल. आणि मधेच नायक घोडा थांबवून इतिहासाचा तास घेतो. एकच गोष्ट दोनचार पानांत दोनदा सांगितलेली असते, कारण हे गृहस्थ लिहिलेलं परत वाचत नसत, टाइपरायटरवर एकदा बडवलं की थेट प्रकाशकाकडे. वर्षाला तीन कादंबऱ्या लिहिल्यावर दुसरं काय होणार?

तुमच्या बाबांच्या आवडीचा अनादर नाही. पण साहित्य म्हणून काही मोठं शोधायला जाल तर निराशा होईल.

शाईपेन

चिंचबन, पुनरुक्तीचं मान्य. पण किमान चांगली सहा निवडून वाचली होतीत का? 89 कादंबऱ्यांत फुटपाथवर हाताला लागतील ती सहा घेतली तर कोणताही लेखक असाच दिसेल.

चिंचबन

अहो, वाचकाने लेखकाची चाळणी का लावायची? ते प्रकाशकाचं काम ना.

कोरडवाहू

मी माणदेशातला, आमच्याकडे टँकरवर बालपण गेलं. मला कोणी विचारलं लामूर का वाचतोस तर मी सांगेन पाण्यासाठी.

हसू नका. त्याच्या पुस्तकात माणूस वाळवंटात अडकला की लेखक पहिल्यांदा पाण्याचं बघतो, पिस्तुलाचं नंतर. संध्याकाळी मधमाश्या किंवा पारवे कुठल्या दिशेला उडतायत, जनावरांच्या वाटा कुठे एकत्र मिळतायत, कोरड्या ओढ्याच्या वळणाला बाहेरच्या बाजूला वाळू उकरली तर ओल कुठे लागेल, कुठली झाडं दिसली की मुळाशी पाणी असणार. माझा आजा हेच सांगायचा, उंबर आणि वारूळ बघायचं म्हणून. लामूर मुलाखतीत म्हणायचा की मी पुस्तकात झरा लिहिला तर तो झरा तिथे खरंच आहे आणि त्याचं पाणी पिण्यासारखं आहे. ज्याने तहान बघितली नाही त्याला हे वाक्य जाहिरात वाटेल, मला नाही वाटत. इंग्रजी माझं कच्चं होतं, डिक्शनरी घेऊन बसायचो आणि ॲरिझोनाचं वर्णन वाचताना मला म्हसवडच्या पुढचा माळ दिसायचा.

रानवेल, तुमचे बाबा परळीला नाइट शिफ्टला होते म्हणता, त्या मुलखात त्यांना पण हेच दिसलं असेल.

रानवेल

कोरडवाहू, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, बाबा बदलीच्या गावी गेले की पहिलं "इथे विहीर कुठे आहे" विचारायचे, नळ असला तरी.

गलबत

इथे सगळे त्याला वाळवंटातच ठेवतायत. माणूस जहाजावर पण होता राव. मी मर्चंट नेव्हीत 22 वर्षं काढली, माझ्यासाठी त्याचं सगळ्यात खरं पुस्तक म्हणजे 'याँडरिंग', 1980 चा कथासंग्रह. लॉस एंजलिसजवळचं सॅन पेड्रो बंदर, हाताला काम नसलेले खलाशी, रात्री झोपायला जागा नाही, जहाज मिळेल म्हणून रोज चकरा मारायच्या. एकही घोडा नाही. मी स्वतः मुंबईत जॉइनिंगची वाट बघत चार महिने लॉजवर काढलेत, दुपारी एकच राइसप्लेट दोघांत. त्या कथा वाचल्या तेव्हा हा माणूस बाजूच्या खाटेवर होता असंच वाटलं.

त्याची अगदी पहिली लिहायला घेतलेली कादंबरी पण समुद्रावरचीच, तेलाच्या टँकरवरच्या माणसांची. ती पुरी झाली नव्हती, मुलाने म्हणजे बो लामूरने पूर्ण करून 2018 मध्ये काढली, 'नो ट्रॅव्हलर रिटर्न्स'.

नदीकाठ

नमस्कार, मी कोलोरॅडोत राहते, डेन्वरजवळ. गेल्या उन्हाळ्यात सासूबाई-सासरे आले होते, त्यांना ड्युरँगोला नेलं, तिथून सिल्व्हरटनला जाणारी जुनी नॅरोगेज वाफेची गाडी आहे, अगदी आपल्या माथेरानची आठवण येते, फक्त डोंगर तिप्पट. ड्युरँगोत स्ट्रेटर हॉटेल आहे 1887 चं. लामूर कुटुंबासोबत उन्हाळ्यात तिथे उतरायचा आणि 222 नंबरची खोली मागायचा कारण ती बरोब्बर खालच्या सलूनच्या वर आहे, पियानोचा आवाज वर येतो. त्या आवाजात तो सॅकेट घराण्याच्या कादंबऱ्या लिहायचा म्हणे. (सलून म्हणजे दारूचा गुत्ता, सासरे बिचारे केस कापायला निघाले होते.)

तिथेच जवळपास त्याला 'शालाको' नावाचं एक अख्खं जुन्या धाटणीचं गाव उभारायचं होतं, 1880 च्या आसपासचं असतं तसं, दुकानं, तबेले, सगळं. पैसे उभे राहिले नाहीत, ते झालंच नाही. मला ते बरंच झालं वाटतं, खरे डोंगर आहेत ना तिथे.

आमच्या इथल्या लायब्ररीत त्याचं शेल्फ अजून आहे आणि पुस्तकं जागेवर नसतात. शेतावर काम करणारी, ट्रक चालवणारी, फौजेतून परत आलेली माणसं नेतात. गाडीत ऐकायला ऑडिओ पण नेतात.

टपालकी

सलूनचा विषय निघालाच आहे तर 'सडन' कोणाला आठवतो का? ऑलिव्हर स्ट्रेंजचा वेस्टर्न नायक! आमच्या वाचनालयात लामूरपेक्षा सडनला जास्त मागणी होती, पुठ्ठा घालून शिवलेली पुस्तकं, मधली पानं गायब, कोणी कोणाला मारलं ते अंदाजाने ओळखायचं. मजा म्हणजे स्ट्रेंज इंग्रज, लंडनमध्ये प्रकाशन संस्थेत नोकरी. आणि तो दुसरा वेस्टर्नवाला जे. टी. एडसन, तो तर इंग्लंडात पोस्टमन होता! सायकलवरून पत्रं वाटायची आणि घरी येऊन टेक्सास लिहायचं. मी पण पोस्टात होतो म्हणून मला त्याचा फार जिव्हाळा. झेन ग्रे, तोही वेस्टर्नवाला, दाताचा डॉक्टर. या सगळ्यांत गुरांची कातडी सोललेला लामूर एकटाच असावा.

दोनओळी

सडन! म्हणजे जेम्स ग्रीन! डोळ्यांसमोर आला. बाकी धागा भरकटतोय, पण भरकटू दे.

मृगनक्षत्र

मला एक गंभीर गोष्ट बोलायची आहे. ही जमीन कोणाची होती? कादंबरीत गोरे शेतकरी "रिकाम्या" मुलखात येतात आणि अपाचे, सू, कोमांची हे तिथले मूळनिवासी वादळ किंवा पुरासारखे अधूनमधून येऊन जाणारं संकट असतात. ज्यांना हाकललं गेलं त्यांच्या बाजूने एकही पान नाही. 14 वर्षांच्या मुलीला देताना हे सांगून द्या एवढंच म्हणणं. आपणही एकेकाळी लोकांच्या "रिकाम्या" मुलखाच्या नकाशावर होतो.

शाईपेन

मृगनक्षत्र, "एकही पान नाही" हे मात्र बरोबर नाही. 'होंडो'मध्ये अपाचे मुख्य व्हिट्टोरो हा सगळ्यात मानाने वागणारा माणूस आहे, आणि करार गोऱ्यांनीच मोडला हे होंडो स्पष्ट बोलतो. 'लास्ट ऑफ द ब्रीड', 1986 चं, त्यात नायकच सू वंशाचा अमेरिकन वैमानिक आहे, जो मॅक. त्याला रशियन लोक पकडून सायबेरियात ठेवतात, तो निसटतो आणि पूर्वजांच्या विद्येवर, म्हणजे माग काढणं, कातडं कमावणं, धनुष्य करणं, यावर थंडीत तग धरतो. 'जुबल सॅकेट'मध्ये नायकाची बायको नॅचेझ जमातीची आहे.

मृगनक्षत्र

ही नावं मी वाचली आहेत, म्हणूनच लिहितेय. मानाने वागणारा शत्रू दाखवणं वेगळं आणि त्याची बाजू घेणं वेगळं. व्हिट्टोरो मोठा आहे, पण पुस्तक संपताना घर कोणाचं वाचतं? आणि 'लास्ट ऑफ द ब्रीड' मला मनापासून आवडतं, पण तो विसाव्या शतकात, अमेरिकेच्याच गणवेशात आहे. लामूरला या लोकांबद्दल आदर होता हे मला मान्य, तो त्यांना मूर्ख किंवा क्रूर दाखवत नाही, त्या काळच्या बाकी वेस्टर्नपेक्षा पुष्कळ बरा. पण त्याचा ठाम विश्वास होता की हे होणारच होतं, नवे लोक येणार आणि जुने जाणार. माझा विरोध त्या "होणारच होतं"ला आहे.

शाईपेन

हे तुम्ही नेमकं बोललात. माझ्याकडे याला उत्तर नाही.

पानगळ

मराठीतून हा मुलूख वाचायचा असेल तर एक रस्ता आपल्याकडे जी. ए. कुलकर्णींनी करून ठेवलाय. कॉनरॅड रिक्टरच्या तीन कादंबऱ्या, 'रान', 'शिवार', 'गाव'. ओहायोच्या जंगलात पहिली वस्ती कशी झाली, झाडं तोडून शेत, शेतातून गाव. त्यातल्या तिसऱ्या कादंबरीला मूळ इंग्रजीत 1951 चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. आणि मृगनक्षत्र, तुमच्यासाठी खास 'रानातील प्रकाश', गोऱ्यांचा एक मुलगा लहानपणी पळवला जातो, मूळनिवासी इंडियन घरात वाढतो आणि मग त्याला जबरदस्तीने "आपल्या" लोकांत परत आणतात. तिथे ती दुसरी बाजू आहे.

लामूर आणि रिक्टर एका पारड्यात नका घालू, पण जीएंसारख्या माणसाला तो मुलूख आपल्या भाषेत आणावासा वाटला यात काहीतरी आहे. 'फ्रंटिअर'ला, म्हणजे नव्या वस्तीच्या सीमेवरच्या मुलखाला, त्यांनी कुठला जड शब्द शोधला नाही. 'रान' म्हटलं की झालं.

चिंचबन

पानगळ, रिक्टरचं 'द सी ऑफ ग्रास' वाचलंय का? न्यू मेक्सिकोतला गुरांचा मोठा मालक आणि शेतकऱ्यांचं भांडण, म्हणजे लामूरचाच मसाला, पण छोट्याशा पुस्तकात काय उंची गाठलीय. 1937 चं आहे. मला वेस्टर्नचं वावडं नाही हे यावरून लक्षात यावं.

सातवा_मैल

हॉपअलाँग कॅसिडीची गोष्ट कोणीच सांगितली नाही अजून? दुसऱ्या महायुद्धात लामूर फौजेत अधिकारी होता, फ्रान्स-जर्मनीत ट्रक कंपनीवर. परत आला तर मासिकांमधलं साहसकथांचं मार्केट आटलेलं. लिओ मार्ग्युलीस नावाच्या संपादकाने सांगितलं, तुला पश्चिम माहितीय, वेस्टर्न लिही. मग 'जिम मेयो' नावाने कथांचा रतीब. 1950-51 ला हॉपअलाँग कॅसिडीच्या चार कादंबऱ्या लिहायचं काम मिळालं, टोपणनाव 'टेक्स बर्न्स'. हे पात्र क्लॅरन्स मलफर्डचं, मूळचा लाल केसांचा, शिवराळ, रांगडा गडी. लामूरने तसाच लिहिला. पण तोवर टीव्हीवर विल्यम बॉईडचा काळे कपडे घातलेला, साजूक तुपातला हॉपअलाँग गाजत होता, प्रकाशकाला तोच पाहिजे होता. बदल करावे लागले. लामूरला हे इतकं लागलं की ती चार पुस्तकं मी लिहिलीच नाहीत असं मरेपर्यंत म्हणत राहिला. 1991 पासून मुलाने ती वडिलांच्या नावाने छापली.

मला यात त्या मुलाचं पटत नाही. बापाने आयुष्यभर नाकारलं ते बापाच्या नावावर का चढवायचं?

नदीकाठ

सातवा_मैल, तिथल्या वाचकांत पण यावर दोन तट आहेत. बोने पुढे 2017 पासून वडिलांचे अर्धवट कागद, टिपणं, न लिहिलेल्या पुस्तकांचे आराखडे सगळं 'लॉस्ट ट्रेझर्स' म्हणून प्रसिद्ध केलं, प्रत्येक जुन्या पुस्तकामागे ते कसं घडलं ते लिहिलं. त्यात लपवाछपवी नाही, कुठे अडलं, काय जमलं नाही, सगळं आहे. मला त्या चार पुस्तकांचं पण त्याच प्रामाणिकपणात बसतं असं वाटतं.

सातवा_मैल

असेल. पण कागद प्रसिद्ध करणं वेगळं. असो, बाकी त्याचं नशीब उघडलं ते एका कथेमुळे. 'द गिफ्ट ऑफ कोचीस', जुलै 1952 च्या कॉलिअर्स मासिकात. नट जॉन वेनने सिनेमासाठी हक्क घेतले, 4,000 डॉलर. पटकथा दुसऱ्याने लिहिली, पण कादंबरी लिहायचा हक्क लामूरने स्वतःकडे ठेवला. 1953 ला सिनेमा आणि 'होंडो' कादंबरी एकदमच आले. तेव्हा लामूर 45 वर्षांचा होता. 1955 पासून बँटमशी करार, आणि मग जन्मभर तेच.

अंगणवाट

सॅकेट घराण्याबद्दल लिहिते, माझा जीव त्यातच आहे. आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तांत असतात ना, मूळ पुरुष कोण, कुठून आला, कुठली शाखा कुठे गेली, लामूरने एका काल्पनिक घराण्याचा तसा कुलवृत्तांत 17 कादंबऱ्यांत लिहिला. मूळ पुरुष बार्नबस सॅकेट, 1600 च्या सुमाराचा, इंग्लंडच्या फेन्स नावाच्या दलदलीच्या भागातला. त्याला चिखलात रोमन काळातली सोन्याची नाणी सापडतात आणि तिथून सगळं सुरू होतं. मुलं-नातवंडं टेनेसीच्या डोंगरात, तिथून पश्चिमेला. पण ही पुस्तकं क्रमाने लिहिलेली नाहीत, 1960 चं 'द डेब्रेकर्स' आधी आलं, तो ऑरिन आणि टायरेल या भावांचा काळ, आणि मूळ पुरुषाची गोष्ट थेट 1974 ला.

घराण्याचा एक नियम : एका सॅकेटवर संकट आलं की बाकीचे, जिथे असतील तिथून, न बोलावता येतात. 'द सॅकेट ब्रँड'मध्ये टेल सॅकेटच्या बायकोचा खून होतो आणि चाळीस माणसं त्याच्याच मागावर लागतात. तो डोंगरात एकटा, जखमी, आणि बातमी तोंडातोंडी पसरते, मग एकेक चुलतभाऊ खोगीर घालायला लागतो. आमच्या घरी काकांच्या ॲक्सिडेंटच्या वेळी रात्री दोनला गावाकडून दोन जीप भरून माणसं आली होती, कोणी फोनवर "या" म्हटलं नव्हतं. ते पुस्तक वाचताना मला त्या जीपचे दिवे दिसतात.

रानवेल, तुमच्या मुलीला 'राइड द रिव्हर' द्या, 1983 चं. नायिका एको सॅकेट, 16 वर्षांची. डोंगरातून एकटी फिलाडेल्फियाला वारसाहक्काचे पैसे घ्यायला जाते, वकील तिला गावंढळ समजून गंडवायला बघतो. तिच्याकडे पिस्तूल आहे, सुरा आहे आणि हिशोब चांगला येतो. चिंचबन, "बाई अडचणीत" वाली इथे नाही!

चिंचबन

हे वाचलेलं नाही. वाचेन, शब्द दिला.

गलबत

भारताशी एक संबंध राहिलाच. 'द वॉकिंग ड्रम', 1984. बाराव्या शतकातला कर्बुशार नावाचा ब्रिटनीचा दर्यावर्दी, कोर्दोबाला शिकतो, व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर कॉन्स्टँटिनोपल, मग इराणातल्या आलमूतच्या किल्ल्यातून बापाला सोडवतो. आणि पुस्तकाच्या शेवटी हिंदुस्थानकडे निघतो, सुंदरी नावाच्या मुलीसाठी! पुढचा भाग इकडचा होणार होता. लामूरने तो लिहिलाच नाही. 10 जून 1988 ला गेला, फुप्फुसाचा कॅन्सर. जायच्या दिवसांत आत्मकथनाची प्रुफं तपासत होता. मी अजून त्या दुसऱ्या भागाची वाट बघणाऱ्या लोकांपैकी आहे.

कोरडवाहू

मानसन्मान पण लिहून ठेवतो, मुलीला सांगायला. 1983 ला अमेरिकन काँग्रेसचं सुवर्णपदक, 84 ला प्रेसिडेंशियल मेडल ऑफ फ्रीडम, दोन्ही अध्यक्ष रेगन यांच्या हातून. 20 कोटींच्या वर प्रती खपल्या. शाळा पंधराव्या वर्षी सुटलेला पोरगा, घरात दहा हजारांवर पुस्तकं जमवून बसला होता.

माझेहीमत

सुरुवात करायला माझ्या मते 'कोनागर', 1969. एक बाई, इव्ही टील, दोन मुलांसह माळावरच्या खोपटात. नवरा गुरं आणायला गेला तो आलाच नाही, वाटेत घोडा अंगावर पडून मेला हे तिला माहीतच नाही. बोलायला माणूस नाही म्हणून ती चिठ्ठ्या लिहिते आणि वाऱ्यावर गडगडत जाणाऱ्या वाळक्या झुडपांना बांधून सोडते. त्या चिठ्ठ्या एकेका गुराख्याला सापडतात. गोळीबार आहे, पण पुस्तक त्या एकटेपणाचं आहे. चिंचबनताई, हे पण वाचा.

दोनओळी

आणि 'फ्लिंट'चं मी पहिल्याच दिवशी बोललो होतो, कोणी विचारलंच नाही. न्यू यॉर्कमधला एक श्रीमंत, कठोर माणूस, डॉक्टर सांगतात कॅन्सर आहे, थोडे महिने उरलेत. तो सगळं सोडून न्यू मेक्सिकोत लाव्हाच्या काळ्या दगडांमधल्या एका लपलेल्या जागी येतो, पुस्तकं घेऊन, एकटा शांतपणे मरायला. आणि मग शेजारणीच्या रँचची भानगड त्याला स्वस्थ मरू देत नाही. शेवट सांगत नाही.

रानवेल

दोनओळी, तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि उठून ते पुस्तक काढलं. तीन तारखा आहेत असं मी लिहिलं होतं. पहिली 1984, कोराडी. दुसरी 1997. तिसरी तारीख बाबांची बायोप्सी झाली त्याच्या पुढच्या आठवड्यातली आहे. जागा लिहिली आहे "वॉर्ड, खिडकीजवळ". तेव्हा मी रोज डबा घेऊन जात होते, ते काहीतरी वाचत असायचे आणि मी आले की पुस्तक उशीखाली ठेवायचे. मी कधी विचारलं नाही काय वाचताय.

आज दिवसभरात ते वाचून काढलं, शेवट पण कळला. त्यांना तो आधीपासून माहीत होता, तरी वाचलं. आईला सांगितलं नाहीये अजून, सांगेन.

माझा पहिला प्रश्न तुम्ही सगळ्यांनी सोडवला. चिंचबन आणि मृगनक्षत्र, तुमचंही मनापासून वाचलं, लेकीला 'रानातील प्रकाश' सोबतच देणार आहे, वाचनालयात नाव लावून ठेवलंय. तिने 'राइड द रिव्हर' घेतलंय, 40 पानं झालीत, तिला तो वकील आत्ताच आवडेनासा झालाय.

अंगणवाट

बरोबर ओळखलं तिने.

कोरडवाहू

रानवेल, ते 'वॉर्ड, खिडकीजवळ' वाचून मी बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो. जास्त लिहीत नाही.

टपालकी

सुटलेली पानं असतील तर सेलोटेप अजिबात लावू नका, पिवळी पडून कागद खाते. मैद्याची पातळ खळ आणि पतंगाचा कागद, आम्ही वाचनालयात तेच करायचो. आणि ट्रंकेत सुकवलेला कडुलिंबाचा पाला.

रानवेल

करते तसं. पाला आईने आधीच टाकला होता. एक अजून, सॅकेटची 17 पैकी 13 आहेत, 'द सॅकेट ब्रँड' नेमकं नाही. कोणाकडे जास्तीचं असेल तर सांगाल का?

दोनओळी

माझ्याकडे दोन आहेत. एक घ्या. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.